जागरणाचा अभ्यास आणि अभ्यासाचे जागरण

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ असे आपल्याकडे म्हणतात. खरी झोप आली की उशीही लागत नाही, एवढे ही म्हण सांगते; पण त्या झोपेला वेळ कोठून आणावा, हे सांगत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांपुढे नेमका हाच प्रश्न आहे. शेतीपंपाला वीज रात्रीची असली की घरातला तरणा मुलगा बारे द्यायला जातो आणि पहाटे पायांचा चिखल धुऊन एस.टी. गाठतो. दुसरीकडे परीक्षा तोंडावर आली की वसतिगृहातील मंडळी चहावर चहा पीत ‘नाईट मारतात’. वर्गात दोघेही पेंगतात. पहिल्याचा नाइलाज असतो. दुसऱ्याची समजूत अशी, की झोपेत गेलेला तास वाया गेला.

ही समजूत तपासणारा प्रयोग फार जुना आहे. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जेंकिन्स व डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांकडून दहा-दहा निरर्थक शब्दावयवांच्या याद्या पाठ करून घेतल्या. पाठांतरानंतर आठ तास झोप घेतली, तर दहांपैकी पाच-सहा आठवत. तेवढेच तास जागेपणीच्या उद्योगांत गेले, तर जेमतेम एक! प्रयोगपात्रे दोनच, तेव्हा एवढ्यावर मोठी इमारत उभारणे धाडसाचे होईल. परंतु पुढील अनेक संशोधनांनी दिशा तीच दाखविली. दिवसा वाचलेले स्मृतीत मुरविण्याचे पुष्कळसे काम झोपेत होते. म्हणजे रात्रभर जागून पाठ करणारा गडी पीक कापतो खरे, पण खळ्यावर आणीत नाही.

जागरणाचा विक्रम म्हणून रँडी गार्डनर या सॅन दिएगोच्या सतरा वर्षांच्या मुलाचे नाव नेहमी सांगितले जाते. १९६३-६४ च्या हिवाळ्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तो २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागला. ही गोष्ट रंजक असली तरी आपल्या कामाची नाही, कारण असे जागरण कोणी करीत नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीला रात्रभर ढोलावर नाचून पहाटे होळी पेटलेली पाहणारा तरुण पुढच्या एक-दोन रात्रींत बहुतांशी सावरतो. घात होतो तो रोजच्या थोड्याथोड्या कपातीने. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॅन डाँगेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले. चार तासवाल्यांची सावधानता अखेरीस दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकी ढासळली. सहा तासवालेही दिवसेंदिवस घसरतच गेले. विशेष म्हणजे आपण किती घसरलो, हे त्यांचे त्यांनाच उमगत नव्हते. ‘मला सवय झाली आहे’ हे वाक्य म्हणूनच पुरावा मानता येत नाही. पेंगत्या डोळ्यांनी घाटातून मोटारसायकल हाकणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

तरुणांना आळशी म्हणण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. वयात आल्यावर शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप उशिरा येते आणि जागही उशिरा येते. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास, त्यापुढील तरुणांना सात ते नऊ तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे ठरविले, तेही मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. निर्णय स्तुत्य, पण घड्याळ पुढे सरकलेल्या मोठ्या मुलांचा त्यात विचार नाही, हे खटकते.

याविषयी आपल्या महाविद्यालयातच संशोधन करता येईल, आणि त्यास प्रयोगशाळा लागत नाही. कोणालाही मुद्दाम जागवू नये. ज्याची जशी झोप आहे तशी नोंदवावी. ‘किती तास झोपलास?’ असे विचारल्यास उत्तर अंदाजपंचे येते. त्याऐवजी निजण्याची व उठण्याची वेळ पंधरा दिवस रोज सकाळी वहीत लिहून घ्यावी. दुपारची डुलकी, बारे देण्याच्या रात्री आणि मोबाईल खाली ठेवल्याची वेळही लिहावी. सावधानता मोजण्यास साधी पट्टी पुरते. एकाने ती उभी धरून अवचित सोडावी, दुसऱ्याने चिमटीत पकडावी. १५ सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.१७ सेकंद लागले, ३० वर पकडली तर ०.२५. मात्र दोन-चार वेळा करून थांबू नये. झोप अपुरी असलेला माणूसही थोडा वेळ नेट धरतो. कंटाळवाणे काम दहा मिनिटे चालले, की मधेच त्याचे भान सुटते आणि पट्टी सरळ जमिनीवर पडते. सरासरीपेक्षा अशा हुकलेल्या वेळा मोजणे अधिक बोलके ठरते. तुलनाही प्रत्येकाची त्याच्याशीच, आणि दिवसाच्या एकाच वेळी घेतलेल्या नोंदींची करावी.

निष्कर्ष काढताना आपल्या जिल्ह्यात एक जादा काळजी घ्यावी लागेल. येथील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. कुपोषण व रक्तक्षय तर आहेतच. यांनीही थकवा येतो, लक्ष लागत नाही आणि सिकलसेलच्या वेदनांनी रात्रीची झोपही मोडते. वर्गात डोळे मिटणारी मुलगी रात्री जागलेली असेल किंवा तिच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल. वहीतल्या वेळा पुरेशा असूनही ती पेंगत असेल, तर तिला आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासण्यास पाठवावे आणि तिचा आकडा जागरणाच्या खात्यात धरू नये.