गिटार शिकताय? आधी बोटे सांभाळा

परवा एक बारावीचा मुलगा दवाखान्यात आला. मोबाईलवर पाहून पहिल्याच दिवशी तीन तास गिटार वाजवली. डाव्या हाताच्या बोटांना फोड! "डॉक्टर, सोडून देऊ का?" मी म्हटले, "गिटार सोडू नकोस, पद्धत बदल."

फोड फोडू नयेत; ते बरे होईपर्यंत विश्रांती घ्यावी. नवशिक्याने नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी; पोलादी तारा जास्त रुततात. रोज पंधरा-वीस मिनिटेच सराव करावा. काही आठवड्यांत बोटांची कातडी आपोआप घट्ट होते. सुरुवातीला तरी शिक्षकांसमोर बसून शिकावे. वाकलेले मनगट आणि आखडलेला खांदा मोबाईलला दिसत नाही.

बोटांची टोके हुळहुळली तर घाबरू नये. मात्र हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर वाजवणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.