कुकर लावण्याआधी एक टेक

डोंबिवली पूर्वेतलं वन-बीएचके. बेडरूममधल्या कपाटाची दारं सताड उघडी, दारांवर गोधड्या टाकलेल्या, आत हँगरवरच्या कपड्यांपुढे माइक उभा. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून हा थाट. पंखा बंद. "कुकर लावू का गं?" स्वयंपाकघरातून आई विचारते. "थांब ना, एकच टेक!" माइकपुढे रॅप करणारी तिची मुलगी ओरडते.

हा 'एकच टेक' संपायला संध्याकाळ जाते. मिनिटाला 90 ठोक्यांच्या बीटवर सोळा बार म्हणजे जेमतेम 43 सेकंद. पण त्यात श्वास घ्यायचा कुठे? तिच्या वहीत शब्दांच्या मधोमध तिरक्या रेघा आहेत. तिथेच दम घ्यायचा, एरवी नाही. एक रेघ चुकली की चौथ्या बारपर्यंत आवाज बसतो, मग तेवढाच तुकडा पुन्हा. याला पंच-इन म्हणतात. मराठीचा आणखी एक जाच म्हणजे भ, फ, ध. अशा प्रत्येक अक्षराला हवेचा झोत थेट माइकवर. म्हणून ती तोंड किंचित तिरकं धरते.

यमकांबाबत तर ती फारच कडक. "गेला, आला, झाला जुळवायला काय लागतं, काका?" मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक फुकटात मिळतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते फुकटचं असल्याचं कळतं. ती क्रियापद ओळीच्या पोटात ढकलते आणि शेवटी तीन-तीन अक्षरी नामं जुळवते. साहित्य संमेलन भरवलेल्या (2017) या गावातही यमकाचा एवढा काथ्याकूट मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या या पट्ट्यातून रॅपमध्ये पुढे गेलेलं ठळक नाव म्हणजे डी एमसी, अर्थात दीपा उन्नीकृष्णन. मल्याळी घरातली, कल्याणात वाढलेली, हिंदी-इंग्रजीत रॅप करणारी. 'गली बॉय' चित्रपटातही (2019) ती झळकली. तिच्याबद्दल लिहिताना 'मुलगी असून' हेच आधी लिहिलं जातं. मला हा अन्याय वाटतो, तिच्या दमसासाबद्दल कुणी बोलतच नाही. मराठीपुरतं बोलायचं तर 'स्वदेसी' या रॅप गटाच्या पोरांनी आरेच्या जंगलासाठी रॅप केलं, 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या 'तांबडी चामडी' या गाण्यावर मराठी न कळणारेही नाचले. आता मराठीत रॅप करतो म्हटल्यावर कुणी हसत नाही.

अडचण आहे ती अंतराची. ठाण्याला गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले, कल्याणात अत्रे रंगमंदिर. पण ती नाटकांची. रॅपचे कार्यक्रम व्हायचे ते अंधेरी, खार, लोअर परळच्या क्लबांत, तेही रात्री. नवख्यांच्या वाट्याला एक तर पहिला स्लॉट येतो नाहीतर अगदी शेवटचा. शेवटचा घ्यावा तर गर्दी मिळते, पण शेवटची कल्याण लोकल हुकते आणि टॅक्सीत मानधनाच्या वर पैसे जातात. म्हणून डोंबिवलीची ही मुलगी पहिलाच मागून घेते. समोर खुर्च्या रिकाम्या असतात तेव्हा कुणासाठी म्हणतेस, असं विचारलं तर म्हणाली, "साउंडवाला असतोच की. त्याला आवडलं तर पुढच्या वेळी मॉनिटर नीट लावून देतो."