झाडू अधिष्ठात्याच्या हातात, पण औषधाचा हिशोब कुणाच्या?

नांदेड : विष्णुपुरीचा दवाखाना, म्हणजे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत इथं २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात लेकरं होती. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला.

३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील दवाखान्यात आले. संडास घाण दिसला म्हणून त्यांनी प्रभारी अधिष्ठात्याच्या हाती झाडू दिला अन् संडास साफ करायला लावला. कॅमेरे सुरूच होते. तो व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणाला लाज वाटली. पुढं अधिष्ठात्याच्या तक्रारीवरून खासदारावर अ‍ॅट्रॉसिटीसह गुन्हा नोंदला गेला.

संडास घाण असेल तर लोकप्रतिनिधीला राग यायलाच पाहिजे. पण लेकरं काय संडासामुळं गेली नव्हती. झाडूच्या गोंधळात औषधाची गोष्ट मागं पडली, आणि तीच समजून घेण्यासारखी आहे.

सरकारी दवाखाना स्वतःच्या मर्जीनं दुकानातून औषध आणत नाही. २०१७ च्या निर्णयानं राज्यातल्या खरेदीचं मोठं काम मुंबईच्या हाफकिन महामंडळाकडं गेलं. दवाखान्यानं मागणी पाठवायची, तिकडं निविदा निघायची, मग माल यायचा. अडीनडीला स्थानिक खरेदीची मुभा होती, पण ती थोडक्या पैशाची. हाफकिनच्या खरेदीबद्दल तक्रारी वाढल्या म्हणून २०२३ मध्ये नवं खरेदी प्राधिकरण उभं करायचा कायदा झाला. इथंच घोळ झाला. जुना ट्रॅक्टर विकून टाकला, नवा शोरूममधून आलाच नाही, आणि पेरणी तर तोंडावर! हाफकिनकडून खरेदी झाली नाही, असं अधिष्ठात्यानंच त्या दिवसांत पत्रकारांना सांगितलं. मंत्री मात्र औषधं कमी नव्हती म्हणत राहिले. मग नातेवाइकाच्या हातात ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठ्या कशाला दिल्या जात होत्या?

दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. तिच्या निधीतूनही औषधं घेता येतात. अध्यक्ष पालकमंत्री, सचिव जिल्हाधिकारी, आणि बैठकीला आमदार-खासदार बसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये नांदेड, लातूर आणि धुळे असे तीन जिल्हे एकट्या गिरीश महाजनांकडं दिले होते. महाजन जामनेरचे. एका माणसानं तीन जिल्ह्याचं पालकत्व करायचं म्हणजे सालगड्याला तीन गावच्या शेतावर ठेवल्यासारखं.

माणसांचंही तसंच. डॉक्टर, नर्स, सफाई कामगार यांची पदं मंजूर करणं अन् भरतीला परवानगी देणं मुंबईच्या हातात. खुद्द अधिष्ठाताच प्रभारी होता! हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणातूनही रुग्ण इथं येतात. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा खासगी दवाखान्याकडं बोट दाखवून राज्याला सुटता येणार नाही, असंच बजावलं.

म्हणजे साखळी लांब आहे. दवाखाना, खरेदी यंत्रणा, खातं, मंत्री, नियोजन समिती. झाडू मात्र सगळ्यात जवळच्या माणसाला मिळाला. आणि झाडू देणाऱ्याचं काय झालं? २०२४ ला लोकसभेची जाहीर झालेली उमेदवारी पक्षानं मागं घेतली, पण १५ ऑक्टोबर २०२४ ला ते विधान परिषदेचे आमदार झाले. राज्यपाल नियुक्त. मतं मागत फिरायची गरजच नाही.

ज्याला खरंच विचारायचं असेल त्याला माहिती अधिकाराचा रस्ता मोकळा आहे. दवाखान्याच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज करायचा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला माफ. राज्याच्या नियमानं अर्ज एकाच विषयाचा अन् १५० शब्दांच्या आत पाहिजे, म्हणून ‘भ्रष्टाचार का झाला’ असलं लिहू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा : या वर्षी किती औषधाची मागणी पाठवली, किती आलं, तारखा काय. रिक्त पदांचा अर्ज वेगळा टाका. उत्तराला ३० दिवस, पण माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील त्याच दवाखान्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडं करायचं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.