माहूरला जाताय? मग महानुभावांची ही गोष्ट वाचाच!

किनवटकरांनो, शेजारच्या माहूरला आपण रेणुकामातेसाठी जातो, दत्तशिखर चढतो. पण महानुभाव पंथाचं देवदेवेश्वर मंदिर पाहिलंय का? पंथाच्या श्रद्धेनुसार हे श्रीदत्तात्रेय प्रभूंचं निद्रास्थान.

१३व्या शतकात चक्रधर स्वामींनी पायी फिरून हा पंथ उभा केला. शिष्यांना शिस्त कडक:

🔸 एका गावी ठाण मांडायचं नाही
🔸 चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागायची
🔸 जीवहिंसा करायची नाही

नवा माणूस पंथात कसा घडायचा? म्हाइंभट विद्वत्तेच्या तोऱ्यात वाद घालायला आले, निरुत्तर झाले आणि शिष्य बनले. पुढे त्यांनीच गावोगाव फिरून, स्वामींना पाहिलेल्या माणसांना विचारून आठवणी गोळा केल्या. त्यातून स्वामींचं 'लीळाचरित्र' तयार झालं. शिष्या महदाइसा स्वामींना प्रश्न विचारून विचारून शिकली, मराठीची आद्य कवयित्री ठरली.

स्वामींनंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी ग्रंथ मराठीतच लिहायचा आग्रह धरला, बायाबापड्यांना ज्ञान मिळावं म्हणून. पुढे पंथ पार पंजाबपर्यंत पोहोचला!

पुढच्या माहूरफेरीत देवदेवेश्वरला नक्की जा. एखादा तरुण भिक्षू भेटला तर 'दंडवत प्रणाम' म्हणा आणि पंथाबद्दल मोकळेपणानं विचारा. 🙏

#माहूर #किनवट #महानुभाव