जुन्या एसयूव्हीचा पिकअप मध्येच का जातो? टर्बो बदलण्याआधी हे तपासा

कसारा घाटात ओव्हरटेक करताना जुन्या डिझेल एसयूव्हीचा पिकअप अचानक गेला, तर जिवावर बेतू शकते. गॅरेजमध्ये नेली की गाडी ठणठणीत! मग अंदाजाने टर्बो बदलला जातो आणि बिल फुगते.

गाडी नेमकी कधी दम तोडते, ते आधी पाहा. फक्त चढावर, भरलेली असताना? डिझेल फिल्टर तुंबलेला असू शकतो. तो स्वस्त, म्हणून आधी तोच. शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर असेल तर टर्बोचा होज फाटल्याची शंका घ्या. चावी बंद-चालू केल्यावर गाडी सुधारली, तर बहुधा ईसीयूने इंजिन वाचवायला ताकद कमी केली होती. यालाच लिम्प मोड म्हणतात. त्याचा कोड सहसा मेमरीत राहतो. बॅटरीची वायर काढून ‘रिसेट’ करणारा मेकॅनिक हा पुरावाच पुसू शकतो. आधी कोड वाचून घ्या, मग स्कॅनर लावून त्याच चढावर ट्रायल घ्या. स्क्रीन मात्र शेजारी बसलेल्याने बघावी.