तुळशी तलावाला ६४ किलो

पिरामल या औषध कंपनीच्या गोरेगावच्या प्रयोगशाळेत समुद्रातून एक जिवाणू आला. तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळचा एक स्पंज, आणि त्याच्या अंगातच बिऱ्हाड थाटलेला हा कोक्युरिया. त्यानं घडवलेल्या प्रतिजैविकाचं नाव पीएम१८११०४. नाव रुक्ष आहे खरं, पण आकडे ऐका!

आधी बिऱ्हाडकरू मोजू. काही स्पंजांच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटी जिवाणू राहतात. शंभर कोटी! मुंबईची लोकल रोज सत्तर लाखांवर प्रवासी वाहते. एवढी गर्दी हलवायला तिला साडेचार महिने लागतील. एकेक जिवाणू मिलिमीटरचा जेमतेम हजारावा भाग. खेटून रांगेत लावले तर एका ग्रॅममधली रांग किलोमीटरभर जाते. दीडशे ग्रॅम स्पंज घ्या, रांग मुंबईहून थेट पुण्यात! आणि घरमालकाची तहान? किलोभर स्पंज दिवसाला चोवीस हजार लिटरपर्यंत पाणी गाळतो. दहा हजारी दोन टँकर संपवून तिसऱ्याला तोंड!

इतक्या दाटीत जागेसाठी झुंज जुंपणारच. जिवाणूंची ही रसायनं त्या झुंजीतली हत्यारं असावीत, असं मानतात. गोरेगावचं हत्यार तर भलतंच धारदार निघालं. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसएसारख्या जंतूंवर ते चाललं, उंदरांवरच्या चाचण्यांतही चाललं. २०१३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता मात्रा. चिवट जंतूंना मिलिलिटरमागे २.०४८ मायक्रोग्रॅम लागतात. सर्वांत हळव्यांना त्याचा २५६वा भाग पुरतो: ०.००८! एवढ्याशा कणातही रेणू तीन लाख कोटींवर. रेणूमागे एक रुपया ठेवला, तर मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प चार वेळा भागेल. आणि हे सगळं वीस थेंबांत!

थेंबांवरून विहिरीवर या. पंधरा फूट रुंद, चाळीस फूट पाण्यानं भरलेली गावाकडची विहीर म्हणजे दोन लाख लिटर. तिथे ०.००८च्याच प्रमाणाला औषध किती? दीड ग्रॅमच्या जरा वर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर? आठ ग्रॅम! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला तुळशी तलाव काठोकाठ भरला की ८०४ कोटी लिटर पाणी. त्या अख्ख्या तलावात, थेंबाथेंबात तेवढंच प्रमाण साधायचं तर फक्त ६४ किलो. अंधेरीला लोकलमध्ये चढणाऱ्या एका माणसाचं वजन!