अनुवादित प्रश्न आणि त्यांच्या कसोट्या

साहित्यकृतीचा अनुवाद तपासताना आपण मूळ संहिता शेजारी ठेवून अर्थ, छटा आणि शैली यांची तुलना करतो. प्रोग्राम-लेखनाचे प्रश्न अनुवादित होतात तेव्हा विद्यार्थ्याच्या उत्तराचा निवाडा कोणी वाचक करीत नाही. तो प्रश्नाला जोडलेल्या कसोट्या करतात. ठराविक आदान दिले असता अपेक्षित उत्तर येते की नाही, एवढेच त्या पाहतात. म्हणून प्रश्नाबरोबर कसोट्यांचाही पुनर्विचार झाला नाही, तर अनुवादातील दोषाचे खापर विद्यार्थ्याच्या माथी फुटते.

एक परिचित प्रश्न घेऊ : दिलेला शब्द उलटसुलट सारखाच आहे काय? इंग्रजीतील 'कॅरेक्टर'साठी अनुवादक सहजच 'अक्षर' हा शब्द योजतो. मराठी वाचकाच्या लेखी 'नवीन' या शब्दात न, वी, न अशी तीन अक्षरे आहेत. तो उलटा वाचला तरी 'नवीन'च राहतो. युनिकोडमध्ये मात्र वेलांटीला स्वतंत्र क्रमांक आहे. पायथन भाषेला तेथे न, व, वेलांटी आणि न असे चार घटक दिसतात. त्यांचा क्रम उलटला की 'नीवन' तयार होते.

आता कसोट्यांकडे पाहू. त्या मुळातल्या इंग्रजी शब्दांवरच राहिल्या, तर अक्षर ओळखणारा आणि न ओळखणारा असे दोन्ही प्रोग्राम उत्तीर्ण होतात. कोणी 'कडक' हा शब्द घातला, तर कसोटी मराठी दिसते खरी. पण त्यात एकही मात्रा नसल्याने ती काहीच पारखत नाही. आणि 'नवीन' घालून अपेक्षित उत्तर मूळ इंग्रजी नमुना-प्रोग्रामकडूनच मिळवले, तर ज्याने प्रश्न बरोबर वाचला तोच अनुत्तीर्ण ठरतो. 'चिमा काय कामाची' या वाक्याने आणखी एक पेच पडतो : पहिला 'चि' ऱ्हस्व, शेवटचा 'ची' दीर्घ. तो भेद मानायचा की नाही, हे प्रश्नातच सांगावयास हवे. प्रश्नाने न सांगितलेली अट कसोटीने लादणे न्याय्य नव्हे.

हीच अडचण संगणकीय भाषांमध्येही आढळते. उणे ७ ला २ ने भागून पूर्णांक घेतला असता पायथनमध्ये उणे ४ येतात, तर जावामध्ये उणे ३. कसोटीत केवळ धन संख्या असतील, तर हा भेद झाकलेलाच राहतो.

कसोट्यांचा तोकडेपणा ही केवळ कल्पना नव्हे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'ह्यूमनइव्हॅल' या १६४ प्रश्नांच्या संचाच्या कसोट्या २०२३ मध्ये 'इव्हॅलप्लस' या प्रकल्पात सुमारे ८० पटींनी वाढविण्यात आल्या. तेव्हा पूर्वी बरोबर ठरलेली अनेक उत्तरे चुकीची निघाली. काही मूळ नमुना-उत्तरांतही दोष सापडले.

मग कसोटी पारखावी कशी? १९७८ साली डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी मांडलेला मार्ग आजही उपयोगी आहे : बरोबर प्रोग्राममध्ये मुद्दाम लहानसा बिघाड करावा आणि कसोटी तो पकडते काय ते पाहावे. अनुवादासाठी हा बिघाड भाषेच्या सांध्यावर करावा. मात्रा सुटी मोजणारा, जोडाक्षर तोडणारा किंवा ऋण संख्या विसरणारा प्रोग्राम जर निर्वेध उत्तीर्ण होत असेल, तर दोष कसोटीचा आहे. याच्या जोडीला, मूळ प्रश्न न पाहिलेल्या जाणकाराने केवळ मराठी प्रश्न वाचून अपेक्षित उत्तरे हाताने लिहावीत. त्याची उत्तरे आणि नमुना-प्रोग्रामची उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथे एकतर अनुवाद संदिग्ध असतो, नाहीतर कसोटी सदोष.

अनुवादाचा अभ्यासक येथे अनाहूत पाहुणा नाही. 'अक्षर' म्हणजे काय, हा प्रश्न संगणकाने आपल्यापुढे नव्याने ठेवला आहे. त्याचे उत्तर कसोटी लिहिण्यापूर्वीच द्यावे लागते.